आयन "थंड" आहे म्हणजे नक्की काय? इलेक्ट्रॉनच्या टकरींचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

मागच्या पावसाळ्यात इथं सांगलीत एमएस्सी फिजिक्सची एक मुलगी प्रोजेक्टचा विषय घेऊन माझ्याकडे आली. विषय होता थंड मॉलिक्युलर आयनवर इलेक्ट्रॉनची टक्कर. वही उघडायच्या आधीच तिनं विचारलं, "सर, पेपरात लिहिलंय आयन सेकंदाला तीन हजार किलोमीटरनं पळतोय, आणि त्यालाच हे लोक थंड म्हणतात, हे कसं काय?" मला हा प्रश्न फार आवडला, कारण या विषयात नवीन माणूस जिथं जिथं चुकतो त्यातल्या निम्म्या जागा याच एका प्रश्नात आहेत. तिला त्या दोन-तीन संध्याकाळी जे सांगितलं आणि तिच्याकडून शीटवर जे करून घेतलं तेच इथं पायरीपायरीनं लिहितोय. बीएस्सीचं क्वांटम आणि थोडं एक्सेल एवढं येत असेल तर पुरे.

पायरी १ : आधी तीन वेगवेगळे आकडे वेगळे करा

लग्नाचं वऱ्हाड घेऊन एसटी रात्री सांगलीहून पुण्याला निघालीये असं समजा. पेठनाका येईस्तोवर गाणी, भेंड्या, पोरं सीटवर उभी. कराड मागं पडलं की निम्मी बस झोपलेली, आणि खंबाटकी घाट येतो तेव्हा ड्रायव्हर सोडून सगळे गाढ. बसचा स्पीड मात्र सगळीकडे तोच, सत्तर म्हणजे सत्तर. आयनचं अगदी असंच असतं, तो किती जोरात पळतोय हा बसचा स्पीड, आणि त्याच्या आत अणू किती थरथरतायत आणि अख्खा रेणू स्वतःभोवती किती गरगर फिरतोय हा आतला दंगा. "थंड" हा शब्द फक्त आतल्या दंग्याबद्दल आहे.

तिसरा आकडा म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन यांच्यातला सापेक्ष वेग, म्हणजे टकरीची एनर्जी. शेजारून दुसरी एसटी त्याच स्पीडनं पळत असेल तर खिडकीतून खिडकीत पाण्याची बाटली देता येईल, दोघांच्या दृष्टीनं दोघेही जागच्या जागी. म्हणून पेपर वाचताना प्रत्येक ठिकाणी पेन्सिलनं लिहा, हा आकडा आयनच्या पळण्याचा आहे, आयनच्या आतला आहे, का टकरीचा आहे. हे केलं नाही तर पुढचं सगळं गुंतत जातं.

पायरी २ : टक्कर झाल्यावर काय काय होऊ शकतं

पॉझिटिव्ह आयन आणि निगेटिव्ह इलेक्ट्रॉन, ओढ तर असणारच. इलेक्ट्रॉन जवळ येतो आणि मग तीन-चार गोष्टी होऊ शकतात. तो नुसताच वळून निघून जाईल. किंवा जाताना रेणूचं फिरणं वाढवून किंवा कमी करून जाईल. एनर्जी भरपूर असेल तर रेणूचे तुकडे करून स्वतः मोकळा राहील. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो पकडला जाईल आणि त्या पकडण्यातून जी एनर्जी सुटते तिनं रेणूच फुटेल, दोन किंवा जास्त न्यूट्रल तुकडे होतील. याला डिसोसिएटिव्ह रिकॉम्बिनेशन म्हणतात, पुढं मी डीआर लिहीन.

साधा अणुआयन इलेक्ट्रॉन पकडतो तेव्हा जास्तीची एनर्जी प्रकाश होऊन बाहेर टाकावी लागते आणि ते फार हळू होतं. रेणूकडे मात्र फुटायचा रस्ता आहे, त्यामुळं डीआर कितीतरी पटीनं जलद. आंतरतारकीय ढगातलं रसायन, आपल्या वरच्या वातावरणातला आयनोस्फिअर, मंगळावरून निसटणारा ऑक्सिजन, सगळीकडे हीच रिअॅक्शन बसलीये.

आपल्याकडचंच उदाहरण सांगतो. रात्री साधारण अडीचशे किलोमीटर उंचीवर ओ टू प्लस आयन इलेक्ट्रॉन पकडतो, फुटतो, आणि त्यातून निघालेला उत्तेजित ऑक्सिजन अणू ६३० नॅनोमीटरचा लाल उजेड देतो. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही इतका मंद असतो. पण कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जिओमॅग्नेटिझमचं केंद्र आहे आणि तिथल्या कॅमेऱ्यानं या ६३० नॅनोमीटरच्या उजेडाचे फोटो घेतले गेलेत, त्यावर संशोधनही झालंय. म्हणजे सांगलीपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर डीआरचा उजेड टिपलाय. वरचे इलेक्ट्रॉन तसे गरम असतात, त्यामुळं आपला विषय थेट तो नाही, पण रिअॅक्शन हीच.

पकडणं होतं कसं याची दोन चित्रं आहेत. १९५० मध्ये बेट्सनं मांडलेलं थेट चित्र : आयनच्या पोटेन्शियल कर्व्हला न्यूट्रल रेणूचा एक फुटणारा कर्व्ह छेदतो, इलेक्ट्रॉन आला की सिस्टिम त्या कर्व्हवर उडी मारते आणि घसरत फुटते. आणि १९६८ मध्ये बार्डस्लीनं मांडलेलं अप्रत्यक्ष चित्र : इलेक्ट्रॉन आधी लांबच्या रिडबर्ग कक्षेत अडकतो, त्यासाठी रेणूचं कंपन किंवा फिरणं थोडी एनर्जी घेतं, आणि मग सावकाश फुटणं. दुसऱ्या चित्रात रेणूच्या फिरण्याच्या लेव्हल्स थेट गुंतलेल्या आहेत हे लक्षात ठेवा, कारण आयन आतून थंड आहे का गरम यानं रेट (म्हणजे रिअॅक्शन किती जलद होते तो आकडा) बदलतो तो बऱ्याचदा इथूनच.

पायरी ३ : युनिट पाठ करा, दुसरा उपाय नाही

एक केल्विन म्हणजे ०.०८६२ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट. ३०० केल्विन म्हणजे साधारण २६ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट, १० केल्विन म्हणजे ०.८६. एवढं डोक्यात बसलं की पेपरात ग्राफ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये असो नाहीतर केल्विनमध्ये, लगेच अंदाज येतो. मी शीटच्या वरच्या कोपऱ्यात हा आकडा लिहून ठेवतो.

पायरी ४ : आयन आतून किती थंड आहे ते स्वतः काढा

ही पायरी कुणी टाळू नका. हीलियम हायड्राइड आयन घ्या, एक हीलियम आणि एक प्रोटॉन. हा विश्वात सगळ्यात आधी तयार झालेल्या रेणूंपैकी, प्रयोगशाळेत १९२५ मध्ये सापडला आणि आकाशात मात्र २०१९ मध्ये जाहीर झाला, एनजीसी ७०२७ या नेब्युलात, विमानावर बसवलेल्या सोफिया दुर्बिणीतून. त्याची फिरण्याची पहिली लेव्हल तळापासून ९६.५ केल्विन वर आहे. दुसरी त्याच्या तिप्पट, तिसरी सहापट, चौथी दहापट, म्हणजे जे (J) नंबरची लेव्हल पहिलीच्या जे(जे+१) भागिले २ पट, असं धरून चाला, बारीक दुरुस्त्या सध्या सोडून द्या.

शीटमध्ये एका कॉलममध्ये जे (J), म्हणजे लेव्हलचा नंबर, लिहा, ०, १, २, ३ असं ६ पर्यंत. दुसऱ्यात एनर्जी केल्विनमध्ये. तिसऱ्यात वजन, म्हणजे (२जे+१) गुणिले ई चा घात वजा एनर्जी भागिले तापमान. तापमान ३०० घाला. मला असे आकडे आले : १, २.१७, १.९१, १.०२, ०.३६, ०.०९, ०.०२. बेरीज साधारण ६.५६. म्हणजे तळाच्या लेव्हलला किती, तर १ भागिले ६.५६, फक्त १५ टक्के! रूम टेंपरेचरला ठेवलेल्या या आयनपैकी ८५ टक्के वरच्या लेव्हल्सवर फिरत बसलेले असतात. आता तापमानाच्या जागी २० घाला, तळाला जवळजवळ ९८ टक्के. १० घातलं की वर नावालाही कुणी उरत नाही.

त्या मुलीनं हा आकडा बदलून एंटर दाबलं आणि स्क्रीनवर १५ चे ९८ झाले तेव्हा ती बराच वेळ गप्प बसून बघत होती, मग म्हणाली, "म्हणजे आधीच्या प्रयोगांत ते वेगळ्याच आयनवर मोजत होते." अगदी बरोबर. रेणू तोच पण अवस्था वेगळी, आणि आंतरतारकीय ढगातला आयन बहुतेक वेळा तळाला बसलेला असतो, त्यामुळं रूम टेंपरेचरच्या मिश्रणावर मोजलेला रेट तिथं जसाच्या तसा लावणं चूक.

पायरी ५ : मग आयन थंड करतात कसा

दोन मुख्य रस्ते. एक म्हणजे सोर्समध्येच थंड करायचा, गॅस बारीक भोकातून व्हॅक्यूममध्ये जोरात सोडला की तो प्रसरण पावताना थंड होतो. एच थ्री प्लसच्या बाबतीत हेच केलं होतं. या आयनच्या रेटवरून कितीतरी वर्षं वाद चालला, एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या दहापट, शंभरपट, कधी त्याहूनही लांब. २००३ मध्ये मॅकॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा थंड सोर्स स्टॉकहोमच्या क्रायरिंग या स्टोरेज रिंगवर (आयन गोल फिरवत ठेवायचं यंत्र) लावून मोजणी केली, आणि त्याच वर्षी कोकूलिन आणि ग्रीन यांनी यान-टेलर परिणाम धरून केलेली थिअरी त्याच्या जवळ आली, तेव्हा चित्र बरंच निवळलं.

दुसरा रस्ता म्हणजे वाट बघायची. आयन रिंगमध्ये फिरत ठेवा, तो इन्फ्रारेड प्रकाश सोडत सोडत आपोआप खाली येतो, वऱ्हाड जसं हळूहळू झोपतं तसं. पण इथं एक अट आहे. आपल्याकडं तासगाव भागात बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं आहेत, खोलीच थंड नसेल तर बॉक्स महिनाभर आत ठेवून काय उपयोग? रिंगच्या भिंती रूम टेंपरेचरला असतील तर भिंतींचा इन्फ्रारेड आयनला परत वर उचलतो, आणि आयन ३०० केल्विनच्या खाली येतच नाही. म्हणून अख्खी रिंगच थंड करायची. जर्मनीत हायडलबर्गला माक्स प्लांक न्यूक्लिअर फिजिक्स संस्थेत क्रायोजेनिक स्टोरेज रिंग आहे, घेर ३५ मीटर, आतल्या भिंती १० केल्विनच्याही खाली. थंडीचा दुसरा फायदा असा की उरलासुरला गॅस भिंतींवर गोठून बसतो, आत घन सेंटीमीटरला काहीशे कणसुद्धा राहत नाहीत, आणि आयन कशावर न आपटता कितीतरी मिनिटं फिरत राहतो.

शिवाय ही रिंग चुंबकावर चालत नाही, इलेक्ट्रोस्टॅटिक आहे. त्यामुळं एनर्जी आणि चार्ज तेच असतील तर जड रेणूलाही त्याच व्होल्टेजवर वळवता येतं.

सगळे आयन असे थंड होत नाहीत हे मात्र आत्ताच लिहून ठेवा. प्रकाश सोडायला रेणूला डायपोल लागतो, म्हणजे एक टोक थोडं पॉझिटिव्ह आणि दुसरं थोडं निगेटिव्ह. ओ टू प्लस, एन टू प्लस असे दोन्ही बाजूंनी सारखे रेणू नुसते ठेवून फिरण्याच्या बाबतीत थंड होणार नाहीत, एच थ्री प्लसही असाच हट्टी. पहिल्या प्रोजेक्टला सीएच प्लस किंवा हीलियम हायड्राइड घ्या असं मी म्हणतो ते यासाठी.

पायरी ६ : दोन बीम शेजारी पळवा आणि एनर्जी काढा

आता शेजारून पळणाऱ्या दोन एसटी. रिंगच्या एका सरळ भागात आयनच्या बीमवर इलेक्ट्रॉनचा बीम आणून मिसळतात, याला मर्ज्ड बीम म्हणतात. समजा हीलियम हायड्राइडचा आयन २५० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा आहे. वेग काढा, सेकंदाला साधारण ३१०० किलोमीटर येतो, म्हणजे ३५ मीटरच्या रिंगमध्ये सेकंदाला जवळजवळ ८८ हजार फेऱ्या. त्याच वेगाचा इलेक्ट्रॉन पाहिजे तर त्याची एनर्जी किती? वस्तुमानाच्या प्रमाणात भागा, आयन इलेक्ट्रॉनपेक्षा नऊ हजार पटींहून जड आहे, उत्तर २७.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट.

आता इलेक्ट्रॉनची एनर्जी मुद्दाम थोडी बदलली तर टकरीची एनर्जी किती होते? दोन्ही एनर्जीची वर्गमुळं काढा, वजाबाकी करा, तिचा वर्ग करा. इलेक्ट्रॉन २८.४ ला नेला, म्हणजे एक इलेक्ट्रॉनव्होल्टनं वाढवला. २८.४ चं वर्गमूळ ५.३२९२, २७.४ चं ५.२३४५, फरक ०.०९४७, वर्ग ०.००९. म्हणजे ९ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट, केल्विनमध्ये साधारण १०४. लॅबमध्ये अख्खा एक व्होल्ट फिरवला आणि टकरीत फक्त ९ मिली बदलले! ०.१ व्होल्टच फिरवला तर टकरीची एनर्जी १ केल्विनच्या आसपास येते. पॉवर सप्लायवर सहज जमेल अशा बदलातून ढगातल्या थंडीइतकी बारीक एनर्जी हातात येते, आणि मर्ज्ड बीमची खरी कमाल मला तरी इथंच वाटते. शीटमध्ये हे करून बघा, वाचून ते अंगात मुरत नाही.

अर्थात इलेक्ट्रॉन सगळे एका वेगानं येत नाहीत, त्यांचा स्वतःचा थोडा पसारा असतो. हायडलबर्गला तो कमी राहावा म्हणून इलेक्ट्रॉन फोटोकॅथोडमधून काढतात, पसारा एक-दोन मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात. त्याच्या खालच्या एनर्जीला ग्राफ सपाट दिसतो तो रेणूचा गुण नाही, पसाऱ्यानं पुसलेला असतो.

मोजतात काय? डीआर झालं की तुकडे न्यूट्रल, त्यांना वळवणारं काही नाही, आयन बीम वळणावर वळतो आणि तुकडे सरळ जाऊन डिटेक्टरवर आपटतात. एकाच घटनेतले दोन तुकडे किती लांब पडले त्यावरून किती एनर्जी सुटली आणि कुठल्या अवस्थेत तुकडे झाले हेही कळतं.

पायरी ७ : ग्राफ वाचताना

दोन्ही अक्ष लॉग असतात. कमी एनर्जीला रेट साधारण एनर्जीच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात उतरतो, त्यामुळं उतार वजा अर्धाची एक रेष मनात धरा आणि ग्राफ तिच्यापासून कुठं वर उठतो, कुठं खाली बसतो ते बघा. उंचवटे बहुतेक रेझोनन्सचे, म्हणजे ठराविक एनर्जीला पकडणं अचानक वाढतं तिथले. मग विचारा, हा क्रॉस सेक्शन (टकरीसाठी आयन जणू केवढं क्षेत्रफळ दाखवतो ते) आहे, मर्ज्ड बीमचा रेट आहे, का सगळ्या वेगांवर सरासरी घेतलेला प्लाझ्मा रेट? तिन्ही वेगळे, आणि मॉडेलमध्ये फक्त शेवटचा टाकायचा. मी सुरुवातीला मर्ज्ड बीमचा आकडा तसाच मॉडेलमध्ये टाकला होता आणि तीन आठवडे उत्तर का जुळत नाही ते शोधत बसलो होतो.

२०१९ चा हीलियम हायड्राइडचा निकाल नक्की बघा, नोवोत्नी आणि सहकाऱ्यांचा, याच थंड रिंगवरचा. आयन रिंगमध्ये थंड होत गेला तसा कमी एनर्जीचा डीआर रेट खाली आला, तळाच्या लेव्हलला तर जुन्या आकड्यांपेक्षा कितीतरी पट कमी. म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या काळात हा रेणू इलेक्ट्रॉनमुळं आपण समजत होतो तेवढा नष्ट होत नव्हता, जास्त शिल्लक राहिला असणार. पायरी ४ मधले १५ आणि ९८ टक्के इथं येऊन अर्थ देतात.

आणि २०२२ मध्ये त्याच रिंगवर सीएच प्लसवर लेसर लावून दाखवलं की इलेक्ट्रॉनच्या टकरींनी आयनचं फिरणंसुद्धा शांत होतं, नुसत्या प्रकाश सोडण्यापेक्षा लवकर. म्हणजे इलेक्ट्रॉन फक्त फोडतो असं नाही.

पायरी ८ : रेट वापरून एक खरा आकडा काढा

एच थ्री प्लस घ्या. २००३ च्या मोजणीतून रेट ३०० केल्विनला साधारण ६.९ गुणिले दहाचा वजा आठवा घात, घन सेंटीमीटर प्रति सेकंद, आणि ७० केल्विनला १.५ गुणिले दहाचा वजा सातवा घात. दुपटीहून जास्त फरक, नुसत्या तापमानामुळं. आता ढगात घन सेंटीमीटरला ०.०२ इलेक्ट्रॉन आहेत असं समजा. गुणाकार करा, उलटा करा, आयनचं आयुष्य ३३ कोटी सेकंदांच्या आसपास, म्हणजे दहा-साडेदहा वर्षं. ३०० चा रेट चुकून लावला असता तर तेवीस वर्षं आली असती. लाखो वर्षं टिकणाऱ्या ढगात एक आयन पोराच्या शाळेच्या वर्षांइतका जगतो, मला हा आकडा दरवेळी हलवून जातो.

रेट शोधायला किडा (KIDA) आणि युमिस्ट (UMIST) या दोन डेटाबेस आहेत, फुकट. तिथं रेट तीन आकड्यांच्या फॉर्म्युल्यात देतात आणि शेजारी तापमानाची रेंज असते, ती रेंज सोडून बाहेर जाऊ नका. आकडा मोजलेला आहे का अंदाजाचा तेही बघा, आणि मोजलेला असेल तर मूळ पेपर आर्काइव्ह (arXiv) या फुकट साइटवरून काढून आयन आतून किती थंड होता ते वाचा. ते वाक्य बहुतेक प्रयोगाच्या वर्णनात कुठंतरी मधेच असतं, पण सगळ्यात आधी तेच शोधायचं. थिअरी करायची असेल तर आर-मॅट्रिक्स आणि क्वांटम डिफेक्ट थिअरी हे शब्द धरून पुढं जा, पण ते प्रोजेक्टच्या सहा महिन्यांत हात घालायचं काम नाही.

आता पायरी ४ ची शीट सीएच प्लससाठी परत करा. पहिली लेव्हल ४० केल्विनवर, बाकी पट तेच, तिप्पट, सहापट. लेव्हल्स इतक्या जवळ आहेत की ३०० केल्विनला जे ६ वर थांबून चालणार नाही, १५ पर्यंत जा. तळाला ३०० ला साधारण साडेसहा टक्के आणि २० ला ७०.५ टक्के आले की शीट बरोबर आहे. आणि हो, त्याच २० केल्विनला हीलियम हायड्राइड ९८ होता, हा ७०.५ च का, हे प्रोजेक्टच्या वहीत पहिल्या पानावर स्वतःच्या शब्दांत लिहून मग पुढं जा, त्या मुलीनंही तेच केलं होतं.